फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीच्या एनओसीचा ताप – माझा अनुभव

पुण्यातला आमचा वन बीएचके नोकरी करणाऱ्या दोन मुलांना भाड्याने दिला. ऑनलाइन करार, थंब, पोलीस व्हेरिफिकेशन सगळं पटापट झालं, अडलं ते सोसायटीत. सेक्रेटरींचं एकच पालुपद, कमिटीच्या एनओसीशिवाय (ना हरकत पत्राशिवाय) भाडेकरू आत येणार नाही आणि बॅचलर असतील तर विषयच नको. अर्ज दिला तर म्हणे मीटिंगला ठेवू, मीटिंग कधी विचारलं तर सगळ्यांना वेळ झाला की. इकडे पोरांनी जुनी रूम सोडलेली, टेम्पो गेटवर उभा, वॉचमन म्हणतोय साहेबांचा फोन आल्याशिवाय सोडणार नाही, टेम्पोवाला वेटिंगचे पैसे मागतोय आणि एक पोरगा डोक्यावर गादी धरून भर उन्हात ताटकळतोय. डोकंच फिरलं माझं!

आमच्या सोसायटीने २०१४ चे आदर्श उपविधी (सोसायटी चालवायचे नमुना नियम) स्वीकारलेत, तेच काढून वाचले. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर द्यायला परवानगी लागतच नाही, आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि करार व पोलीस नोंदीची कॉपी द्यायची, बस्स. एनओसीचा अर्ज करूच नका, माहितीचं पत्र द्या आणि पोच घ्या. आमचे सेक्रेटरी पत्र हातात घेईनात, मग स्पीड पोस्टने पाठवलं, ईमेलही केला, उपविधीचं ते पान जोडून. त्यानंतर गपचूप गेट उघडलं.

पुढच्या बिलात नॉन ऑक्युपन्सी फी, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ती, मनाला येईल तेवढी लावली होती. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ती सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, पालिकेचा टॅक्स त्यात धरायचा नाही. तेही भांडून कमी करून घेतलं.

अजून एक, ११ महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ती जबाबदारी मालकावरच आहे, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरतात. खर्च काही फार नाही, शहरात रजिस्ट्रेशन फी १००० आणि स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. मुदत वाढवायची तरी नवीन करार रजिस्टर करावा लागतो. पोरांना पुढेही तिथेच राहायचंय, सोसायटीला द्यायचं पत्र मी आत्ताच टाइप करून ठेवलंय.