झाड लावण्याआधी वारा अडवा

नागपुरात जुलैमध्ये खड्डा खणला, शेणखत टाकलं, रोप लावलं की पुढचं बरंचसं काम काळी मातीच करते. ती ओल धरून ठेवते आणि पाऊसही हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. हाच हिशेब जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्यांवर साफ फसतो. तिथे पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्या आत. शिवाय तहानेआधी वाराच रोपाचा जीव घेतो: कुठे मुळं उघडी पडतात, कुठे शेंडाच गाडला जातो.

बहुतेक वाळू उंच उडत नाही. कण जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकतात आणि आपटले की दुसऱ्या कणांना उसळवतात. म्हणून अडसर वीतभर उंचीचाही चालतो, पण असे अडसर एकमेकांच्या जवळ असायला हवेत.

चीनमध्ये शापोतौ इथे रेल्वेमार्ग वाळूखाली जाऊ नये म्हणून १९५० च्या दशकात हेच केलं गेलं. वाळूवर एक मीटरचे चौकोन आखायचे. रेषेवर गव्हाचा पेंढा (आपल्याकडचं तणस समजा) आडवा पसरायचा आणि बोथट फावड्याने मधोमध दाबायचा. पंधरा-वीस सेंटिमीटर आत जातो आणि दोन्ही टोकं तेवढीच वर उभी राहतात. पेंढा नुसता पसरला तर पहिल्याच वादळात जातो. चौकोन दोन मीटरचे केले तर मधली वाळू उकरली जाते. भिंतीसारखा गच्च अडसरही नको. वारा त्याला आपटून पायथाच खरवडतो. थोडी हवा आरपार जायला हवी.

थरच्या वाळवंटात जोधपूरच्या काजरी (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था) या संस्थेने पेंढ्याऐवजी तिथलीच खींप, सणिया ही झुडपं वापरली. त्यांच्या ओळी वाऱ्याला आडव्या, दोन ते पाच मीटरवर, माथ्यापासून खाली लावत यायच्या. पण त्याआधी कुंपण. शेळ्या-उंट आत आले तर बाकी सगळं फुकट. पहिल्या चांगल्या पावसानंतर ओळींमध्ये सेवण गवताचं बी पेरायचं. फोग, खेजडी, रोहिडा ही झाडं विरळच लावायची; दाट लावली तर थोडीशी ओल सगळी मिळून संपवतात. विलायती बाभूळ झपाट्याने वाढते म्हणून मोह होतो, पण ती गवताची जागा खाते आणि नंतर काढणं फार अवघड जातं.

कालव्याचं पाणी हे सरसकट उत्तर नाही. इंदिरा गांधी कालव्याच्या पट्ट्यात जिथे वाळूखाली जिप्समचा कडक थर आहे तिथे पाणी तुंबलं, क्षार वर आले. कालवा आखण्याआधी खालची माती तपासायलाच हवी. तशी पाहणी करून देशभरच्या मातीचे नकाशे तयार करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो आपल्या नागपुरातच आहे.

पेंढा चार-पाच वर्षांत कुजतो. तोवर वाळूवर शेवाळ-बुरशीची पातळ खपली धरू लागलेली असते आणि पुढे वाळू तीच बांधून ठेवते. तिच्यावरून एकदा जीप गेली तरी ती मोडते आणि पुन्हा धरायला कितीतरी वर्षं लागतात. म्हणून कुंपण पाचव्या वर्षी काढू नका.