सौर पार्क: पॅनेलपासून पारेषण वाहिनीपर्यंत

एखाद्या सौर पार्कची बातमी आली की तीत मेगावॅट आणि एकर हे दोन आकडे हमखास असतात. राजस्थानातील भडला येथील पार्कची क्षमता २,२४५ मेगावॅट असून तो सुमारे १४,००० एकरांवर पसरलेला आहे, हे वाचून थक्क व्हायला होते. पण तिथे पडणारे ऊन ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्यात, वीज म्हणून कसे उतरते, याविषयी बातमीत फारसे काही नसते. माझ्या मते अशा पार्कची खरी कसोटी पॅनेलांपेक्षा त्यांच्यामागच्या तारा, इन्व्हर्टर आणि रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) यांच्यापाशी लागते.

सिलिकॉनच्या सेलवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि दोन थरांच्या सांध्याजवळचे विद्युतक्षेत्र त्यांना एका दिशेने लोटते, हे शालेय पुस्तकांतही असते. मात्र एका सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) अर्ध्या व्होल्टहून थोडाच अधिक असतो. म्हणून पॅनेलमध्ये अनेक सेल एकापुढे एक जोडतात आणि मोठ्या पार्कमध्ये अशी पंचवीस-तीस पॅनेल पुन्हा एकसर जोडून ‘स्ट्रिंग’ तयार करतात, जिचा दाब १,५०० व्होल्टच्या मर्यादेच्या आत ठेवलेला असतो. दाब वाढवण्याचे कारण सरळ आहे: तेवढीच शक्ती अधिक दाबाने नेली तर धारा, म्हणजे विजेचा प्रवाह, कमी लागते, आणि तारेतील नुकसान धारेच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

या एकसर जोडणीची एक अडचण आहे. एका सेलवर पक्ष्याची विष्ठा वाळून बसली, तर त्या सेलची धारा घटते आणि तिच्याबरोबर संपूर्ण साखळीची धारा अडते. शिवाय झाकलेला सेल वीज देण्याऐवजी ती खाऊ लागतो आणि तापतो. पॅनेलच्या पाठीमागच्या छोट्या डबीतील बायपास डायोड अशा वेळी सेलांचा तेवढा गट वगळून धारेला वाट करून देतात. वाळवंटी पार्कमध्ये पाण्याविना पुसणारे यंत्रमानव पॅनेलांच्या रांगांवरून फिरवले जातात ते धुळीमुळे.

कडक ऊन म्हणजे अधिक वीज, ही समजूतही अर्धीच खरी आहे. पॅनेलची नोंदलेली क्षमता सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट धरतात, त्यामुळे ६० अंशांपर्यंत तापलेले पॅनेल दहा टक्क्यांहून अधिक शक्ती गमावते. थंड हवा आणि निरभ्र आकाश हाच पॅनेलांसाठी उत्तम योग.

स्ट्रिंगमधून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, असते. इन्व्हर्टर ती सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारी, करतो आणि ग्रिडच्या लयीशी, म्हणजे सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनांच्या (हर्ट्झ) वारंवारतेशी, तंतोतंत जुळवतो. त्याच वेळी पॅनेलांकडून जास्तीत जास्त शक्ती कोणत्या व्होल्टेजला मिळते, याचाही त्याचा शोध चालू असतो. पॅनेलांची एकूण क्षमता इन्व्हर्टरपेक्षा मुद्दाम वीस-तीस टक्के अधिक ठेवतात. त्यामुळे ऐन दुपारी काही वीज सोडून द्यावी लागते आणि उत्पादनाच्या आलेखाचा माथा सपाट होतो. पहिल्यांदा पाहताना ही उधळपट्टी वाटते. पण सकाळ-संध्याकाळ तोच इन्व्हर्टर अधिक भरून चालतो, आणि वर्षाचा हिशेब त्यावरच जमतो.

इन्व्हर्टरलगतचे रोहित्र काही शे व्होल्टचा दाब बहुधा ३३ केव्हीपर्यंत (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट) चढवते. अशा अनेक गटांच्या केबल पार्कमधील उपकेंद्रात एकत्र येतात आणि तिथून २२० किंवा ४०० केव्ही दाबाने वीज पारेषण वाहिनीवर जाते. ही वाहिनी वेळेत उभी राहिली नाही तर पॅनेल तयार असूनही उपयोग नसतो. पार्क काही महिन्यांत उभा राहू शकतो, उच्चदाब वाहिनीला मात्र अनेकदा काही वर्षे लागतात.

पुढचा प्रश्न वेळेचा. ग्रिडमध्ये पुरवठा आणि मागणी क्षणोक्षणी जुळावी लागते, आणि ढग कोणाला विचारून येत नाहीत. पार्क विस्तीर्ण असल्याने सावली सर्वत्र एकदम पडत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. भारतात पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांचे वेळापत्रक आदल्या दिवशीच द्यावे लागते आणि ऐनवेळी त्यात सुधारणा होतात, त्यामुळे हवामानाचा अंदाज हा वीजनिर्मितीचाच भाग झाला आहे. दुपारी वीज अतिरिक्त ठरली तर उत्पादन रोखण्याचा आदेश येतो आणि सूर्य मावळताच इतर केंद्रांना झपाट्याने भार उचलावा लागतो. बॅटऱ्या दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून हा चढ सौम्य करतात.

एक बाब मात्र बॅटरीचा साठा वाढवून आपोआप सुटत नाही. औष्णिक केंद्रातील जड, फिरते जनित्र ग्रिडला धक्का बसला तरी आपल्या जडत्वाने क्षणभर वारंवारता सावरून धरते. सौर इन्व्हर्टरमध्ये फिरणारे काहीच नसते. बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडची लय पाहून तिच्यामागे चालतात आणि ग्रिड कोलमडला की स्वतःही थांबतात. स्वतः लय निर्माण करणारे इन्व्हर्टर आता बॅटऱ्यांच्या जोडीने काही ठिकाणी वापरात येत आहेत, आणि सौर विजेचा वाटा जिथे वेगाने वाढतो आहे तिथे त्यांची गरज सर्वांत आधी भासणार आहे.