जँगो ॲडमिनमधे नोंदीची वेळ दाखवायची कशी

रावेर-सावद्याकडे केळीच्या काट्यावर वाद झाला की बऱ्याचदा विषय एकच असतो, एन्ट्री नेमकी कधी पडली, कारण भाव आज एक अन उद्या दुसरा. सध्या अशाच एका व्यापाऱ्याकडे काटापावतीचं ॲप जँगोमधे (पायथनचं वेब फ्रेमवर्क) चालू आहे. मॉडेलमधे नोंदवेळ नावाचं डेटटाइमफील्ड आहे, त्याला ऑटो_नाऊ_ॲड ट्रू (नोंद पहिल्यांदा सेव्ह होताना वेळ आपोआप टाकतं), डेटाबेसमधे वेळ बरोबर पडते, पण ॲडमिनमधे, म्हणजे नोंदी बघायच्या-बदलायच्या जँगोच्या तयार पानांवर, पावती उघडली तर तो रकानाच नाही. मुनीमजी लगेच विचारतात, "भो, टाइम कुठे दिसतो याच्यात?"

ऑटो_नाऊ (दर सेव्हला वेळ नव्याने टाकतं) किंवा ऑटो_नाऊ_ॲड लावलं की जँगो ते फील्ड आपोआप एडिटेबल फॉल्स करतं, आणि असं फील्ड फॉर्ममधे येत नाही. ॲडमिन क्लासमधे नुसतं फील्ड्सच्या यादीत नाव टाकलं तर फील्डएरर येतो. नाव त्याच क्लासच्या रीडओन्ली_फील्ड्समधे टाकायचं, बस, वेळ दिसते पण कोणाला बदलता येत नाही, नवीन पावतीच्या पानावर तिथे फक्त डॅश असतो कारण वेळ सेव्ह झाल्यावरच पडते. आयडीचंही तेच. यादीच्या पानावर हवी तर लिस्ट_डिस्प्ले. जँगो 5.0 पासून जनरेटेडफील्ड आलंय, म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन हे डेटाबेसच काढतो, ते दाखवायलाही रीडओन्ली_फील्ड्सच.

बरेच जण काय करतात, ऑटो_नाऊ_ॲड काढून डीफॉल्टला टाइमझोन.नाऊ देतात, मग फील्ड दिसतं खरं पण एडिटही होतं. पावतीसाठी हे अजिबात करू नका. शेतकऱ्याचे पैसे त्या वेळेवर ठरतात, ती मागेपुढे करायची सोय कोणाच्याच हातात नको, मालकाच्या पण नाही.

बदलाची वेळ ठेवायला ऑटो_नाऊ लावलं असेल तर एक लक्षात ठेवा, ते फक्त सेव्ह झाल्यावर चालतं. ॲडमिनच्या ॲक्शनमधून बऱ्याच पावत्या एकदम "पेमेंट झालं" केल्या आणि आत क्वेरीसेटचं (निवडलेल्या नोंदींचा संच) अपडेट वापरलं तर बदलाची वेळ जुनीच राहते, तिथे ती हाताने द्यावी लागते.

अन सेटिंग्जमधे टाइम_झोन एशिया/कोलकाता करा भाऊ. नवीन प्रोजेक्टमधे यूटीसी असतो, साडेपाच तास मागे, म्हणजे रात्री 2 वाजता भरलेली गाडी ॲडमिनमधे आदल्या तारखेला दिसेल अन भाव पण आदल्या दिवसाचाच लागेल.