काचेला घाम फुटत नाही

चैत्र उजाडला की माळ्यावरचा माठ खाली येतो. तिवईवर बसतो, वर ओलं फडकं, आणि दुपारपर्यंत आतलं पाणी गारेगार. त्याच खोलीत चार पावलांवर फिशटँक असतो आणि त्यातलं पाणी 32 अंशांवर गेलेलं असतं. खोली तीच, हवा तीच. फरक एवढाच की माठ पाझरतो आणि काच पाझरत नाही. टँकला घाम यायला एकच जागा असते, वरचा पृष्ठभाग. तिथे आपण झाकण बसवतो आणि झाकणात दिवा.

म्हणून उन्हाळ्यात पहिलं काम झाकण काढणं. मासे उड्या मारतात, म्हणून वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधावी. दुसरं काम पंखा. कॉम्प्युटरच्या डब्यातला 12 व्होल्टचा, 120 मिलिमीटरचा पंखा अडॅप्टरवर चालतो आणि वीज नावापुरती खातो. तो काठावर असा तिरका लावायचा, की वारा पाण्याला चाटून पलीकडे जाईल. दोन ते चार अंश उतरतात. आश्चर्य वाटायचं कारण नाही: एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढी काढायला पाच किलोहून जास्त बर्फ वितळवावा लागेल.

गंमत अशी, की नागपूरच्या 44 अंशांत हा पंखा जेवढं काम करतो, तेवढं रत्नागिरीच्या 34 अंशांत करत नाही. दमट हवा आधीच पाण्याने भरलेली. ती आणखी किती पिणार? विदर्भात कूलर घरोघरी आणि कोकणात अडगळीत, त्याचंही कारण हेच. कोकणात मग खोलीचा एसी किंवा चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं यंत्र. चिलर घेतलात तर तो टँकच्या बंद कपाटात ठेवू नका. पाण्यातून काढलेली उष्णता तो कपाटातच ओकतो आणि पुन्हा तीच गरम हवा ओढून धापा टाकतो.

पंख्याने टँकमधलं पाणी रोज बोट-दोन बोटं उतरतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचं जड पाणी वर ओतत राहिलात तर महिन्याभरात काचेवर पांढरी रेघ धरते. भर आरओच्या पाण्याची घालावी. मात्र आरओच्या सांडपाण्याची नव्हे, त्यात तर क्षारच जास्त. आणि नळ दुपारी सोडू नये, गच्चीवरची टाकी तेव्हा उकळायला ठेवल्यासारखी असते. पहाटेचं पाणी बादलीत भरून ठेवावं, क्लोरीन मारणारे थेंब घालावेत.

माशांना त्रास होतो तो नुसत्या उन्हाचा नाही. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांत साडेसात. पाणी तापलं की माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, म्हणजे आवक घटलेली आणि खर्च वाढलेला. त्यात रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू ओढतात. म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडमीट करतात. फायटर मासा हवा थेट गिळतो, त्याचं भागतं. गोल्डफिश बिचारा आधीच थंड पाण्याचा. एअरपंप रात्रभर चालू हवा, खाणं निम्मं करावं, दिवा संध्याकाळनंतरच लावावा. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा एअरपंप चिलरपेक्षा जास्त उपयोगी, कारण बंद पडलेल्या फिल्टरमधले, माशांची घाण पचवणारे जिवाणू प्राणवायूवाचून मरतात आणि पाठोपाठ पाण्यात विषारी अमोनिया चढतो.

बर्फाचा मोह आवरावा. अगदीच वेळ आली तर अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली, बूच घट्ट लावून, तरंगत सोडावी. दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच टँकमध्ये ती जेमतेम एक अंश उतरवते, आणि तासाला एक अंश एवढंच बरं. खडे थेट टाकले तर मासा गारठतो आणि बाटलीतला बर्फ विरघळला की पारा पुन्हा वर. काचेवर ओला पंचा टाकणाऱ्यांनी त्याचं टोक पाण्यात बुडू देऊ नये. सकाळपर्यंत अर्धी बादली पाणी फरशीवर आलेलं असतं.

आणि मृगाचा पहिला पाऊस पडला, की त्याच रात्री पंखा बंद करायचा. हीटर उन्हाळ्यात काढून ठेवलेला असतो, हवा एकदम उतरते, पंखा मात्र सवयीने फिरत राहतो. मग चार-आठ दिवसांत गारठलेल्या माशांच्या अंगावर रोगाचे, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात.