ऑर्केस्ट्रा म्हणजे नाचायची जागा

"ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच ना?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की मी हल्ली नुसतं "हो, तसंच काहीतरी" म्हणून सुटायचो. पण तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

सौभद्रात पात्रं बोलतात, मग पेटीवर सूर मिळतो आणि पद सुरू होतं. ऑपेरात बहुतेक वेळा नुसतं बोलणं नसतंच, "दार उघड" म्हणायचं तरी गाऊनच. या गात-गात बोलण्याला रेसिटेटिव्ह म्हणतात, त्यात गोष्ट पुढे सरकते, आणि आरिया आली की गोष्ट जागच्या जागी थांबते आणि बाई मरायला टेकली असली तरी दहा मिनिटं मनातलं गात बसते. आपलं पद म्हणजे साधारण आरिया. रेसिटेटिव्हला आपल्याकडे नेमकी जोड नाही, कीर्तनकार बोलता बोलता सुरात शिरतात ते त्यातल्या त्यात जवळचं.

आता हे खूळ आलं कुठून तर ग्रीक नाटकातून, तेही जरा गैरसमजातून. सोळाव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या फ्लॉरेन्समधल्या काही हौशी विद्वानांना वाटत होतं की ग्रीक लोक अख्खं नाटक गायचे, मग आपणही तसं करून बघू. खरं तर गाणं-नाचणं मुख्यतः कोरसचं, बाकीची पात्रं बरंचसं छंदात बोलायची. कोरस म्हणजे मागे उभं राहून आ-आ करणारे नव्हेत हां. ग्रीक नाटककार सॉफक्लीसच्या काळात ते पंधरा पुरुष, कधी गावातले म्हातारे कधी बायका बनून यायचे, घाबरायचे, सल्ले द्यायचे आणि करायचे जवळपास काहीच नाही, डिट्टो सोसायटीची मीटिंग. ते नाचायचे त्या गोल जागेला म्हणायचे ऑर्केस्ट्रा. पुढे युरोपात रंगमंचासमोरच्या जागेत वादक बसायला लागले, जागेचं नाव वादकांना चिकटलं, आणि आपल्या गणपतीत पोचेपर्यंत ऑर्केस्ट्रा म्हणजे किशोरकुमारची गाणी!

माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे क्रेन. ग्रीकांकडे देवांना वरून आणायला लाकडी क्रेन होती, कथा फारच गुंतली की देव लटकत यायचा आणि सोडवून जायचा, लॅटिनमधलं 'देउस एक्स माकिना', म्हणजे यंत्रातून आलेला देव, ते हेच. इ.स.पू. ४२१ मधल्या अ‍ॅरिस्टोफनीसच्या 'पीस' या विनोदी नाटकात एक शेतकरी भल्यामोठ्या शेणकिड्यावर बसून स्वर्गात निघतो आणि मध्येच नाटक सोडून क्रेनवाल्यालाच ओरडतो, बाबा जरा सांभाळून! मला वाटतं त्या नटाला खरंच भीती वाटत असणार.

ऑपेरावाल्यांनी देव वरून आणायची ही युक्तीसुद्धा सोडली नाही. ग्रीक कथेतला गवई ऑर्फियस मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो, पण तिला परत गमावतो. १६०० साली एका शाही लग्नासाठी फ्लॉरेन्समध्ये पेरी या संगीतकाराचा 'युरिडिचे' हा ऑपेरा झाला, तेव्हा लग्नघरात रडारड नको म्हणून ऑर्फियसला बायको सुखरूप परत देऊन टाकली. मोंतेवेर्दीच्या १६०७ च्या 'ऑर्फेओ' या ऑपेरात ती कायमची जाते, पण १६०९ ला छापलेल्या प्रतीत शेवटी अपोलो ढगातून उतरतो आणि त्याला वर घेऊन जातो.

आणि सुरुवात कुठून करू विचाराल तर मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट', १७९१ चा. त्यात मध्ये चक्क साधे संवाद आहेत, तो बघताना तुम्ही मला तोच प्रश्न परत विचारलात तर मी "हो" म्हणेन.