नग बुडाले की उशिरा झाले?

गुरुवार, रात्री पावणेअकरा

फॉर्म समोर उघडा आहे. नाव, बीई मेकॅनिकल, अनुभव चौदा वर्षं, सगळं भरून झालं. पैसे तेवढे भरायचे राहिलेत आणि मुदत उद्या रात्री बारापर्यंत. शनिवार-रविवारचा एक्झिक्युटिव्ह एमबीए, दोन वर्षांचा. फी माझ्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी. नवरा म्हणतो, "भरून टाक, पैशांचं आपण बघू." पण हात पैशांमुळे थांबलेला नाही. सकाळच्या मीटिंगमुळे थांबलाय.

चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये मी मेंटेनन्सला आहे. लाइनवरच्या एका जुन्या सीएनसी लेथने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनने, वर्षभर जीव नकोसा केलाय. स्पिंडलचं बेअरिंग दोनदा बदललं, तरी महिन्याला सरासरी चाळीस तास मशीन बंदच. नवीन मशीन 36 लाखांचं. कॅपेक्सच्या, म्हणजे नवीन यंत्रखरेदीच्या, मीटिंगसाठी मी शीट केली होती. चाळीस तास, तासाला वीस हजारांचा माल, म्हणजे महिन्याला आठ लाखांचं नुकसान आणि पेबॅक, म्हणजे मशीनचे पैसे वसूल व्हायला लागणारा काळ, साडेचार महिने. यावर कुणी काय बोलणार, असं मला वाटत होतं.

प्लांट हेडनी शीट खालपर्यंत वाचली आणि एवढंच विचारलं, "हे नग बुडाले की उशिरा झाले?"

मला उत्तर देता आलं नाही. विषय पुढच्या महिन्यावर गेला.

जेवणानंतर फायनान्सच्या सरांकडे गेले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पंचवीस मिनिटांत समजावलं. चाळीसपैकी अठ्ठावीस तासांचं काम आम्ही रविवारी ओव्हरटाइमला भरून काढतो. ते नग उशिरा झाले, पण गिऱ्हाइकाकडे पोचले. त्यांची विक्री गेली नाही, गेला तो ओव्हरटाइम. कायद्याप्रमाणे तो दुप्पट दराने द्यावा लागतो, त्याचे महिन्याला पस्तीस हजार. बुडाले फक्त बारा तासांचे नग. तिथेही विक्रीची किंमत धरायची नाही, कारण माल केलाच नाही तर स्टील, कापायच्या टूलचे इन्सर्ट, वीज हेही वाचलं. ते वजा केल्यावर तासाला पाच हजार उरतात, म्हणजे साठ हजार. रिजेक्शनचे, म्हणजे खराब निघालेल्या नगांचे, पंचवीस हजार मिळवले की महिन्याला एक लाख वीस हजार. 36 लाख भागिले हे, तीस महिने. अडीच वर्षं.

आमच्याकडे दोन वर्षांच्या आत पैसे वसूल होणार असतील तरच मशीन मंजूर होतं.

चौदा वर्षं मी ब्रेकडाउनचे तास मोजले, एकेका मिनिटाची नोंद ठेवली. त्या तासाचे खरे पैसे किती, हे मात्र मला आज कळलं. आणि ज्यांनी तो प्रश्न विचारला त्या प्लांट हेडकडे एमबीए नाही. ते डिप्लोमावर लागले आणि नोकरी करता करता एएमआयई, ही इंजिनिअरिंगची बाहेरून द्यायची परीक्षा, पास झाले.

मागच्या वर्षी मॅनेजरची जागा निघाली तेव्हा सर्क्युलरमध्ये ओळ होती: व्यवस्थापनाची पदवी असल्यास प्राधान्य. जागा माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याला मिळाली. मी वर्षभर आतून धुमसत होते. आज मान्य करते, माझ्या जागी तो असता तर ती शीट तशी गेलीच नसती. माणूसही चांगला आहे, सकाळी माझ्या बाजूने तोच बोलला.

पण त्या सर्क्युलरबद्दलचा माझा राग गेलेला नाही. पैशांचं हे गणित येतं का, हे कुणी मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि शिकूनही घेतलं असतं. पदवी मागणं सोपं असतं, कारण मग माणूस पारखायचे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

बाबांचं म्हणणं ठरलेलं, "श्रीधरनांनी कुठे एमबीए केलं होतं?" माहेर चिपळूणचं, त्यामुळे आमच्या घरी प्रत्येक वादात कोकण रेल्वे येतेच. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा मी दुसरी-तिसरीत होते. डोंगरातून ती गाडी आणणारे श्रीधरन सिव्हिल इंजिनिअर होते, व्यवस्थापनाची पदवी नव्हती, हे खरंच. पण बाबा अर्धीच गोष्ट सांगतात. 1964 च्या वादळात रामेश्वरमला जोडणारा पांबनचा रेल्वे पूल मोडला, तेव्हा तो उभा करायचं काम तिशी नुकतीच ओलांडलेल्या श्रीधरनांकडे आलं आणि 46 दिवसांत पूल चालू झाला. कोकण रेल्वे त्यानंतर पंचवीस वर्षांनी. मधल्या सगळ्या काळात रेल्वेने त्यांच्या हातात एकेक मोठं काम दिलं, हीच त्यांची शाळा. अशी कामं हातात देणारं कुणी नसेल, तर नुसतं त्यांचं नाव सांगून माझ्यासारखीचं काय होणार?

धाकटा भाऊ सॉफ्टवेअरवाला, त्याची उदाहरणं वेगळी. सत्या नडेला यांनी मायक्रोसॉफ्टची नोकरी सांभाळून शिकागोला एमबीए केलं, 1997 मध्ये. त्यानेच मागे गूगलचं सांगितलं होतं. तिथे 2002 मध्ये इंजिनिअरांवरचे मॅनेजरच काढून पाहिले. काही महिन्यांत ते सोडून द्यावं लागलं, कारण खर्चाच्या पावत्यांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट संस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जायला लागलं. पुढे त्यांनी चांगल्या मॅनेजरचे आठ गुण शोधून काढले. पहिला, तो माणसं घडवतो. तांत्रिक ज्ञान शेवटचं, आठवं. ते ऐकून तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, आठवं का होईना, ते यादीत आहे. पदवी यादीत नाही.

माणसांचं काम मी जिथे शिकले ती जागाही आज आठवतेय. तीन वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टच्या सहा मुलांना पुढचा करार नाही, हे सांगायचं माझ्यावर आलं. सकाळी आल्या आल्या सांगून मोकळं व्हावं, असं मी ठरवलं होतं. लाइनवरचे मामा, तिथे सगळ्यात जुने, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, शिफ्ट सुटल्यावर सांगा. आत्ता सांगितलं तर मन घरी जाईल आणि हात प्रेसमध्ये राहील. आणि मोकळ्या हाताने जाऊ नका. शेवटचा पगार किती तारखेला, पीएफचं काय, अनुभवाचा दाखला कधी, पोरं आधी हेच विचारणार." मी तिन्ही गोष्टी एचआरकडून लिहून घेतल्या आणि साडेतीनला सांगितलं. मुलांनी अगदी तेच विचारलं, त्याच क्रमाने. एक जण रडला. मामा त्याला गेटपर्यंत सोडून आले.

हे कुठल्या वर्गात शिकवत असतील तर मी आनंदाने जाईन.

शुक्रवार, संध्याकाळ

फॉर्म भरला नाही.

कॉलेजातली मैत्रीण कारखाना सोडून मुंबईत बँकेत गेली. तिला एमबीएशिवाय ते दार उघडलंच नसतं, कारण तिथली भरती कॅम्पसवरूनच होते. रस्ता बदलायचा असेल तर पदवी घ्यावीच, असं मी कुणालाही सांगेन. मला रस्ता बदलायचा नाही.

खरं तर मॅनेजर व्हायचं आहे का, हेसुद्धा मी स्वतःला कधी नीट विचारलं नव्हतं. व्हायब्रेशनच्या आलेखावरून बेअरिंग आतून कुठे खराब झालंय ते ओळखणं, यात माझा जीव रमतो. आमच्याकडे त्या कामात कितीही तरबेज झालं तरी एका पायरीनंतर पगार थांबतो. पुढची पायरी चढायची तर टूल खाली ठेवून माणसं सांभाळायची. किती चांगले इंजिनिअर केवळ या एका कारणाने मॅनेजर झाले आणि दोन्हीकडून गेले, मी पाहिलंय. मला मात्र माणसांचंही काम आवडतं, हे त्या सहा मुलांच्या दिवसानंतर कळलं. म्हणून हवंय. कमी होतं ते हिशेबाचं.

फायनान्सच्या सरांना विचारलं. दर गुरुवारी चार वाजता अर्धा तास द्यायला तयार झाले. आधी आपल्याच प्लांटचं नफा-तोटा पत्रक वाचायचं, म्हणाले, मग कॉस्टिंग. पुढच्या वर्षी फॉर्म पुन्हा येईलच. तेव्हाही वाटलं तर भरेन, पण नेमकं काय शिकायचंय ते ठाऊक असताना.

अडीच वर्षांच्या त्या हिशेबात हायड्रॉलिक तेलाची गळती धरलेलीच नाही, हे आज जेवताना लक्षात आलं. आठवड्याला किती लिटर ओततो, ते स्टोअरच्या स्लिपांवर असतं. शिवाय अठ्ठावीस तास हा माझा अंदाज होता. उद्या लॉगबुकमधून जानेवारीपासूनचे सगळे रविवार काढायचेत.