गाडीच्या दारांचे पडदे: पुढची दोन झाली, मागची दोन बाकी

ड्रायव्हरच्या बाजूचा ट्रिम पॅड, म्हणजे दाराचं आतलं हार्डबोर्डाचं आवरण, खालून फुगला होता, तो शेवटी उतरवला. हार्डबोर्डाचे पापुद्रे सुटून हातात आले, क्लिपांची भोकं तर पार फाटलेली. आतला प्लास्टिकचा पडदा कधीतरी काच दुरुस्त करताना मधोमध फाडून तसाच लोंबत सोडून दिलेला.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी सांगतो, दाराच्या आत पाणी जाणं हा बिघाड नाही. काच खाली-वर व्हायची, तर बाहेरचं रबर तिला किती आवळणार? पाणी काचेवरून आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते ट्रिम पॅडपर्यंत येऊ द्यायचं नाही, एवढंच पडद्याचं काम. म्हणून आधी तळाची भोकं बघितली. दोन भोकं चिखल आणि जुन्या अंडरकोटने (गाडीच्या बुडाला लावतात तो थर) बुजलेली. तार घातल्यावर कपभर काळं पाणी आलं.

जुनं ब्युटाइल, म्हणजे पडदा पत्र्याला धरून ठेवणारा चिकट रबरी लगदा, काढण्यात अख्खा दिवस गेला. पत्रा तापलेला असला की ते च्युइंगगमसारखं ताणत बसतं, गार असताना जरा मुकाट्याने निघतं. तेव्हा हे काम सकाळीच उरका. निघालेल्या ब्युटाइलचाच गोळा करायचा, उरलेल्या डागावर दाबायचा आणि झटक्यात उचलायचा. निम्मे डाग तो गोळाच ओढून घेतो. बाकीचे टर्पेंटाइनने पुसले.

साच्यासाठी फाटका पडदा वापरला नाही, तो आकसून वेडावाकडा झाला होता. खाकी कागद सरळ दारावर चिकटवला आणि पेन्सिल आडवी धरून घासत गेलो. भोकांच्या कडा, स्क्रूच्या जागा, सगळं उमटतं. कागदावर ‘आतली बाजू’ असं ठळक लिहा. दुसऱ्या दारासाठी तोच कागद उलटा करताना मी दोनदा गोंधळलो.

पॉलिथिन 150 मायक्रॉनचं घेतलं. त्याहून पातळ आणलं तर आत हवा शिरली की फडफडतं. बंद पेशींचा फोमही चालतो, आवाज कमी होतो म्हणतात ते खरंही आहे; पण जाडीमुळे क्लिपा नीट बसत नाहीत, म्हणून मी त्या भानगडीत पडलो नाही. काचेच्या हँडलच्या दांड्यासाठी गोल भोक न पाडता लहानशी फुली कापली, म्हणजे प्लास्टिक दांड्याला चापून बसतं. चिकटवायला ब्युटाइलची दोरीच. आंबट वासाचं सिलिकॉन कुणी सुचवलं तर ऐकू नका: सुकताना त्यातून अॅसिटिक अॅसिड सुटतं, उघड्या पत्र्याला गंज धरतो, आणि पॉलिथिनला ते धड चिकटतही नाही.

आता माझा शहाणपणा. पहिला पडदा चारही बाजूंनी पत्र्यावर चापूनचोपून चिकटवला, सुरकुती नाही, फोटो काढण्यासारखा. मग आतून वर्तमानपत्र लावलं आणि बाहेरून काचेवर पाच मिनिटं पाइप सोडला. कागदाचा खालचा काठ ओला! पडद्याच्या मागून ओघळलेलं पाणी खालच्या ब्युटाइलवर साठतं आणि जिथे फट मिळेल तिथून अलीकडे येतं. पत्र्यात खाली ती आडवी खाच असते ना, जिला मी कारखान्याची हौस समजत होतो, तिच्यातून पडद्याची खालची कड दाराच्या आत सोडायची असते. मग पाणी पडद्यावरून थेट आतच ठिबकतं. खाली आठ सेंटिमीटर जास्तीचं प्लास्टिक ठेवून पडदा नव्याने कापला, खाचेत सारला. पुन्हा पाइप, पुन्हा पाच मिनिटं. कागद कोरडा. पुढच्या दुसऱ्या दाराला तासभरसुद्धा लागला नाही.

मागच्या दारांना अशी खाच नाही. तिथे मोठ्या भोकाच्या खालच्या कडेवरून पडदा आत वळवावा लागेल असं दिसतंय. नवा हार्डबोर्ड कापून तयार आहे, पण चारही दारांवर पाइप सोडून झाल्याशिवाय त्याला रेक्झिन चढवणार नाही.